हक्काची थट्टा

वारणेच्या काठी कुरणवाडी म्हणून गाव आहे. तिथं जाऊन कस्तुरी रायगोंडा पाटील कुठं राहते असं विचारलं, तर माणसं कपाळाला आठ्या घालून विचारात पडायची. 'पाटीवाली कस्तुरी' म्हटलं की लगेच घर दाखवायची, आणि वर दबक्या आवाजात सांगायची, "जपून बोला, बरं का." हे नाव तिला चौदाव्या वर्षी चिकटलं. ते ऐकून ती कधी ओशाळली नाही. कुणी तोंडावर म्हटलं तर "व्हय, मीच ती," म्हणून मोकळी व्हायची.

गोष्ट पंचेचाळीस सालची. तेव्हा सातारा जिल्हा पार इथवर पसरलेला होता. कचेरीचं काम निघालं की लांब साताऱ्याला जायचं, आणि बाजाराला मात्र जवळ सांगलीला. गावात मराठ्यांची घरं होती तशी जैन शेतकऱ्यांचीही होती, आणि सगळ्यांच्या मळ्यांत ऊस. रायगोंडा पाटील हा असाच एक जैन शेतकरी. मेहनती, देवभोळा, मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा.

त्या भागात बहिणीच्या मुलाला मामाची मुलगी द्यायची रीत. मुलगी पाळण्यात असतानाच आत्या येऊन सांगून जाते, ही माझी सून. मग मुलगा शहाणा निघो की ठोंब्या, बघायचं काही कारण उरत नाही. कस्तुरीच्या बारशाला तिची आत्या गुणमाला हिनं तेच केलं. गुणमाला त्याच गावात, वेशीजवळच्या घरी दिलेली. नवरा लवकर वारलेला, जमीन बरी, आणि एकुलता एक मुलगा, बाळगोंडा. रायगोंडानं मान डोलावली आणि कस्तुरीच्या जन्माचा निकाल लागला.

या रितीला एक शेपूट होतं. आतेभावानं मामाच्या मुलीची थट्टा करायची, तिनं लाजायचं आणि बघणाऱ्यांनी हसायचं. दुसऱ्या कुणी पोरानं मुलीची वेणी ओढली तर त्याची तंगडी मोडतील. आतेभावानं ओढली तर म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून खुदखुदतील आणि म्हणतील, हक्काची थट्टा हाय, करू द्या. हक्क त्याचा, थट्टा त्याची, आणि हिच्या वाट्याला फक्त लाजणं. असला सौदा सांगलीच्या बाजारात कुणी केला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण घरात चालून जायचा.

कस्तुरी सातवीत होती. अख्ख्या वर्गात एकटी मुलगी. बाकीच्या मुली चौथीनंतर घरी बसल्या होत्या. हीसुद्धा बसली असती, पण एकदा बापाबरोबर सांगलीला गेली असताना तिनं एक शाळामास्तरीण पाहिली होती. पायात चपला, हातात छत्री, आणि पेठेतून चालली तर बापये माणसं बाजूला होऊन म्हणत होती, "नमस्कार बाई." बस्स. त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. सातवीची फायनल पास व्हायची, मग ट्रेनिंग, मग आपण बाई. रायगोंडाही लग्नापर्यंत शिकेना का म्हणून गप्प होता. बाळगोंडाची फायनल झाल्यावर लगीन, असं ठरलंच होतं. आणि बाळगोंडा फायनलला दोनदा नापास झाल्यामुळे लग्न लांबत होतं, हे कस्तुरीचं नशीब.

म्हणजे दोघं एकाच वर्गात. तो सोळा-सतराचा, मिसरूड फुटलेला, मागच्या भिंतीला टेकून बसायचा. ही पुढं.

देवरुखकर मास्तरांची एक पद्धत होती. त्यांची एकट्याचीच नव्हे, त्या काळी पुष्कळ शाळांतून होती. प्रश्न घालायचा. ज्याला उत्तर येईल त्यानं उठून, ज्यांना आलं नाही त्यांचं एका हातानं नाक धरायचं आणि दुसऱ्या हातानं थोबाडीत द्यायची. मास्तरांचा हात दुखत नसे आणि पोरांना अभ्यासाची गोडी लागते अशी त्यांची समजूत होती. पोरं मात्र हुशार. आज मी तुला हळू मारतो, उद्या तू मला हळू मार, असा सगळा आपसातला मामला. गालाला नुसता हात लावायचा आणि जोरात आवाज तोंडानं काढायचा.

कस्तुरीला मुलगी म्हणून मास्तर कधी हे करायला लावत नसत. त्या दिवशी काय डोक्यात आलं कुणास ठाऊक. व्याजाचं गणित घातलं, कुणालाच सुटलं नाही, कस्तुरीनं सोडवलं. मास्तर म्हणाले, "ऊठ. बाळगोंडाच्या लगाव एक. पुढं जन्मभर तो तुला लगावणारच आहे."

वर्ग फिदीफिदी हसला. कस्तुरी उठली. तिला पोरांचा तो मामला ठाऊक नव्हता. कुणी कधी तिच्या वाऱ्याला उभं राहत नव्हतं तर सांगणार कोण? मास्तरांनी मारायला सांगितलं म्हणजे मारायचं, एवढंच तिला कळलं. तिनं नाक धरलं आणि हात मागं नेऊन अशी दिली की बाळगोंडाच्या गालावर बोटं उठली.

मागून भाऊसो, बाळगोंडाचा जिवलग, ओरडला, "गड्या, बायकूनं हाणलं की रं!"

तिथून सुरू झालं.

पहिल्यांदा शाईची दौत तिच्या दप्तरात फुटली. मग तिच्या शिदोरीत भाकरीच्या घडीत अंड्याचं टरफल निघालं. जैनाच्या पोरीनं ते अन्न तोंडात घालणं शक्य नव्हतं, आणि बाळगोंडालाच हे सगळ्यात नीट माहीत होतं. तोही त्याच देवाला हात जोडणारा. कस्तुरीनं भाकरी कुत्र्याला टाकली आणि उपाशी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टरफल. मग ती शिदोरी मांडीवर घेऊन बसायला लागली, तर अर्जुना नावाच्या तिसऱ्यानं मागून तिची वेणी खिडकीच्या गजाला बांधली. मास्तरांनी फळ्याकडे बोलावलं, ती उठली आणि डोक्याला हिसका बसून खाली आदळली. मास्तर म्हणाले, "अगं, हळू." पोरांना एक शब्द नाही.

तिनं घरी सांगितलं. बाप जेवत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "त्यो न्हाई करणार तर कोण करणार? आतेभाव हाय तुझा."

"आप्पा, अंड्याचं टरफल घातलं भाकरीत."

"पोरकट हाय अजून. लगीन झालं की सुधरंल."

आत्याला कळलं तर ती लाडू घेऊन आली. पोरगं मामाच्या मुलीवर जीव टाकतंय याचाच तिला आनंद. कस्तुरीनं आईकडे पाहिलं. आई, सुंदराबाई, चुलीपाशी बसली होती. तीही हसली आणि भाकरी उलटायला वळली. त्या हसण्याचा कस्तुरीला बापाच्या हसण्यापेक्षा जास्त राग आला.

त्या साली जिल्ह्यातल्या पोरांना एकच खेळ सुचायचा, कोर्ट भरवायचा. कुंडलच्या बाजूला भूमिगतांची कोर्टं भरतात, गावगुंडांना आणि सरकारच्या खबऱ्यांना शिक्षा होतात, याच्या गोष्टी घराघरांत चालायच्या. मोठी माणसं कुजबुजत बोलायची आणि पोरं खेळायची. एकानं न्यायाधीश व्हायचं, एकानं आरोपी. बहुतेक वेळा आरोपीला गुदगुल्या करून सोडून द्यायचे.

गुऱ्हाळाचे दिवस होते. शाळेतून घरी जाताना कस्तुरीला भाऊसोच्या चुलत्याच्या गुऱ्हाळावरून जावं लागायचं. फायनल महिन्यावर आली होती, आणि मास्तरांनी वर्गात सांगितलं होतं की यंदा कुरणवाडीतून कुणी नक्की पास होईल तर ती कस्तुरी. त्या संध्याकाळी तिघं तिथं वाट अडवून उभे होते. रस काढलेल्या चिपाडांच्या ढिगावर भाऊसो चढून बसला.

"कोर्ट भरलंय," तो म्हणाला. "आरोपी कस्तुरी. गुन्हा काय? गड्यांच्या म्होरं नंबर काढती. हुणाऱ्या नवऱ्याला हाणती."

"सरका," कस्तुरी म्हणाली.

"शिक्षा काय द्यायची, बाळगोंडा?"

बाळगोंडा हसत नव्हता. तो म्हणाला, "हिला घरात बसवायची."

अर्जुनानं तिचे हात मागं धरले. बाळगोंडानं उसाचा कोयता उचलला. तिला वाटलं हा आपला गळाच कापतोय, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली. चुलवाणापाशी गूळ कढवणारा गुळव्या रसावरची मळी काढत होता. त्यानं वळून पाहिलं. त्याला सगळं दिसत होतं. "कोण? रायगोंडाची पोर व्हय?" तो म्हणाला. "आतेभाव हाय न्हवं तिचा?" आणि पुन्हा मळी काढायला लागला.

वेणी कोयत्यानं एका फटक्यात कापली जात नाही. बाळगोंडानं ती मुठीत धरून करवतीसारखी कापली. मानेपाशी दोन ठिकाणी कातडंही कापलं.

ती घरी आली तेव्हा आईच्या हातातली घागर निसटली. बाप तिच्याकडे बघून म्हणाला, "हे लय झालं." पण लय झालं म्हणून करायचं काय, हे त्याला सुचेना. सुचलं ते गुणमाला आत्याला. ती धावत आली, लेकाला दोन शिव्या दिल्या, कस्तुरीला पोटाशी धरलं, आणि डोळे पुसून म्हणाली, "जाऊ दे. आता असल्या डोक्यानं कुटं शाळंला जाती? केस वाडंस्तवर डोईवर फडकं बांधून घरात बस. वैशाखात लगीन उरकून घेऊ."

बाळगोंडानं जी शिक्षा दिली होती तीच आत्यानं लाडानं सांगितली. आणि बाप मान हलवत होता. कस्तुरीला तेव्हा स्वच्छ कळलं की ही माणसं वाईट नाहीत, आणि वाईट नाहीत म्हणूनच आपली यांच्यातून सुटका नाही. जे करायचं ते आपणच.

सकाळी ती उठली, दप्तर घेतलं, डोक्याला फडकं न बांधता गावातून चालत शाळेत गेली. लोक दारात येऊन बघत राहिले. विधवेचं किंवा संन्यास घेतलेल्या बाईचं असावं तसलं डोकं, मानेवर रक्ताच्या खपल्या, आणि पोर नाकासमोर चाललेली.

शाळेच्या दारात रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे, तीच शाळेची घंटा. त्या रुळाला तिची वेणी लोंबत होती, तांबड्या रिबिनीसकट. बारकी पोरं खाली उभी राहून उड्या मारून तिला हात लावत होती. मास्तर अजून आले नव्हते. पायरीवर बाळगोंडा बसला होता, शेजारी भाऊसो आणि अर्जुना.

"आलीस व्हय?" बाळगोंडा उठत म्हणाला. "जा घरी. डोई झाकून बस जा."

लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून सातवीची पोरंसुद्धा गणितं पाटीवर करायची. कस्तुरीची पाटी दगडी, लाकडी चौकटीची, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली. तिनं ती दप्तरातून काढली. कुणाला वाटलं ही आता अभ्यासाला बसते. तिनं दोन्ही हातांनी पाटी धरली आणि कोपऱ्याकडून बाळगोंडाच्या तोंडावर घातली.

भुवई फाटली. पाटीचे तुकडे पायरीवर पडले. बाळगोंडा गुडघ्यांवर बसला आणि बोटांतून रक्त यायला लागलं तसा बारक्या पोरासारखा "आई गं, आई गं" करून रडायला लागला. कस्तुरीच्या हातात नुसती चौकट राहिली होती. ती तिनं पुन्हा उगारली. भाऊसो आणि अर्जुना मागं सरले. मग ते रडणं तिच्या कानात शिरलं आणि हात खाली आला. तिनं वेणी रुळावरून ओढून काढली, दप्तरात टाकली आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

बाळगोंडाला बैलगाडीतून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला, पण वरची पापणी अर्धी मिटलेली राहिली ती जन्मभर.

वाचणाऱ्याला वाटेल, सूड उगवला, पोर हसली असेल. मुळीच नाही. पायाखाली मुंगी आली तर पाय उचलून पुढं टाकायला शिकवलेलं ते घर. कस्तुरीला ते रक्त जेवताना दिसायचं, पाणी पिताना दिसायचं. तिनं कुणी न सांगता तीन उपास केले, पाण्याचा थेंबही न घेता, आणि देवापुढं बसून बाळगोंडाचा डोळा जाऊ नये म्हणून विनवण्या केल्या. पण याच्याबरोबर तिला दुसरंही एक वाटत होतं, आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही. तिच्या वाटेला आता कुणी जात नव्हतं. रस्त्यात अर्जुना दिसला तर तोच बाजूला व्हायचा. शिदोरी उघडली तर शिदोरीत फक्त भाकरी असायची. याचं तिला बरं वाटायचं. पाप वाटायचं आणि बरंही वाटायचं.

गुणमालेनं पंचांकडे तक्रार नेली. विधवेच्या एकुलत्या एका पोराला जन्माची खोट केली, आणि तीही जैनाच्या पोरीनं हात उचलून. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळ्यांना बोलावलं. जायच्या आधी रायगोंडानं लेकीला पुढं बसवून सांगितलं, "अक्कानं एक तोड काढलीय. तू देवापुढं बाळगोंडाची क्षमा मागायची आन् तिथंच सुपारी फोडायची. मग तिचा राग गेला. सुपारी फुटली की तू फायनलला बस, मी माझ्या गाडीतनं नेतो. न्हाई मागितलीस तर परीक्षा न्हाई, शाळा न्हाई. उंबऱ्याबाहेर पाऊल न्हाई."

म्हणजे परीक्षा हवी तर नवरा घे, आणि नवरा नको तर परीक्षा सोड.

बस्तीत एका बाजूला बापये, दुसऱ्या बाजूला बायका. पंचांचे प्रमुख बाबगोंडा चौगुले, पांढऱ्या मिशांचा शांत माणूस. त्यांच्या शेजारी बाळगोंडा, डोळ्यावर पट्टी. कस्तुरीला मधे उभं केलं. डोकं उघडंच.

"पोरी," चौगुले म्हणाले, "आपल्या धर्मात क्षमेसारखं दुसरं काय न्हाई. माग क्षमा. समदं गोड हुईल."

"मी देवाची मागितलीय," कस्तुरी म्हणाली. "उपास केल्यात. डोळ्यासाठी केल्यात. बाळगोंडानं माझ्या येणीसाठी काय केलंय?"

कुजबुज झाली. चौगुल्यांनी बाळगोंडाकडे पाहिलं. तो पट्टीखालून पुटपुटला, "मी थट्टा केली हुती."

"थट्टा हुती," चौगुले समजुतीनं म्हणाले. "आतेभावाची थट्टा. आन् तू रगत काढलंस. दोन्हीत फरक हाय का न्हाई?"

रायगोंडा पुढं झाला. "कस्तुरे, माग लवकर. शेवटचं सांगतो."

"न्हाई मागत. शाळा सोडा म्हणाला तर सोडते, पर सुपारी न्हाई."

शाळा सोडते म्हणणं तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. ती छत्री, त्या चपला, ते 'नमस्कार बाई' सगळं तिनं तिथं बस्तीच्या फरशीवर ठेवून दिलं होतं. बाप लाल झाला. त्यानं हात उगारला.

तेवढ्यात बायकांतून सुंदराबाई उठली.

"आवं, थांबा जरा."

बायका बस्तीत असं बोलत नसत. सगळी माणसं वळून बघायला लागली. गुणमाला म्हणाली, "सुंदरा, खाली बस."

"बसते, वन्सं. एवडं बोलते आन् बसते." तिनं डाव्या हाताची चोळीची बाही वर सारली. कोपरापासून दंडापर्यंत कातडी आवळलेली, चकचकीत, भाजल्याची. "ह्ये कशानं झालं ते पंचास्नी सांगा."

रायगोंडा म्हणाला, "आता हितं त्येचं काय?"

"तुमी सांगत न्हाई तर मी सांगते. मीबी ह्यांच्या मामाचीच पोर. ह्ये सुट्टीला माझ्या बाच्या गुऱ्हाळावर आलं हुतं. मी धा वर्साची आसंन. कायतरी बघून ह्यांस्नी हसले. तर पळीभर उकळती काकवी माझ्या अंगावर उडीवली. मी भुईवर लोळत हुते, आन् गुळव्यापास्नं माझ्या आज्जीपतूर समदी हसत हुती. आतेभावाची थट्टा!" ती थांबली. तिला दम लागला होता. "दर साली गुऱ्हाळ लागलं की ह्ये ती गोष्ट पावण्यांत बसून सांगत्यात. पावणं हसत्यात. मीबी हसते. आजपतूर मला कुणी इचारलं न्हाई, सुंदरा, तुला हसू येतं का म्हणून."

तिनं तो हात तसाच पुढं धरला.

"न्हाई येत," ती म्हणाली. "माझ्या लेकीनं हाणलं त्ये पापच. पर ती माझ्यावानी हसली न्हाई. एवडं तिनं लय चांगलं केलं."

आणि ती खाली बसली. बसली ती ताठ, बाही वरच ठेवून.

रायगोंडा त्या हाताकडे बघत राहिला. तो हात त्यानं रोज पाहिला होता. त्याच हातानं वाढलेलं अन्न तो इतकी वर्षं खात आला होता. "मला वाटलं..." तो म्हणाला, आणि आपल्याला काय वाटलं होतं ते त्याला सांगता येईना. शेजारची एक म्हातारी बाई, जिच्या स्वतःच्या तीन नाती आत्याच्या घरी दिलेल्या होत्या, ती एकाएकी नाक शिंकरून रडायला लागली. चौगुले मिशांवरून हात फिरवत देवाकडे बघत होते. देव काही त्यांच्या मदतीला आला नाही.

शेवटी रायगोंडाच बोलला, आणि तेही बहिणीकडे न बघता. "अक्का, सोयरीक ऱ्हाऊ दे."

"आन् माझ्या लेकराचा डोळा?" गुणमाला ओरडली.

याला मात्र कुणापाशी उत्तर नव्हतं. ते कस्तुरीपाशीही नव्हतं, तेव्हाही आणि पुढंही. दोन घरांचं जाणंयेणं तुटलं ते तुटलंच.

रायगोंडा काही एका दिवसात संत झाला नाही. चारचौघांत बायकोनं आपली लाज काढली याचा राग त्याच्या नाकावर होता, आणि तो राग धरावा तर तो हात डोळ्यापुढं येत होता. म्हणून त्यानं दोघींशीही बोलणं टाकलं. परीक्षेच्या दिवशी मात्र पहाटेच त्यानं बैल जुंपले. इस्लामपूरपर्यंतच्या अख्ख्या वाटेत तो बैलांशी बोलला, लेकीशी नाही. शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबवल्यावर पुढं बघतच म्हणाला, "कुणी डोक्याचं इचारलं तर ताप आलता म्हण."

निकालाचं आत्ताच सांगून टाकू. ती पास झाली. नंबर-बिंबर काही आला नाही, पास झाली. पुढं ट्रेनिंग केलं, खेड्यापाड्यांतल्या शाळांतून शिकवत हयात घालवली, आणि नाक धरून थोबाडीत द्यायची पद्धत तिच्या वर्गात कधी चालली नाही. पण त्या सकाळी ह्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

परीक्षेच्या खोलीत गावोगावची पोरं बसली होती. ती आत आली तशी सगळ्या माना वळल्या. आईनं कात्रीनं केस थोडे सारखे केले होते, तरी ते कुठं कानावर, कुठं कानाच्या वर. कस्तुरीनं कुरणवाडीच्या पोरांत बाळगोंडाला शोधलं. त्याची जागा रिकामी होती. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. ती आपल्या जागी बसली.

देखरेखीला एक म्हातारे गृहस्थ होते, लांब कोट आणि डोक्याला रुमाल. ते कागद वाटत तिच्यापाशी आले आणि थबकले. आवाज मऊ करून म्हणाले, "विषमज्वर झाला होता का, बाळ?"

आजूबाजूची पोरं कान टवकारून बसली होती. व्हय म्हटलं असतं तर सुटली असती.

"न्हाई जी," कस्तुरी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "वर्गातल्या पोरांनी कापलं. मी हितं येऊ ने म्हणून."

"अरेरे," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "मग?"

"मग काय? आले की मी," ती म्हणाली, आणि कागदासाठी हात पुढं केला.